पोडियम पोरका ठेवायचा नाही

माझ्या थोरल्या वहिनीचा आवाज आमच्या गावात प्रत्येकाने ऐकलेला आहे, चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नाही. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हाच ती बसस्टँडवर घोषणा करायची. काचेची एक खोली, त्यात टेबल, माइक आणि वहिनी. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणाचं पोर हरवलं, कुणाची पिशवी बाकावर राहिली, सगळं गावाला तिच्या तोंडून कळायचं. गाडी उशिरा येणार असली तरी ती अशा सुरात सांगायची, की माणसं चिडायची सोडून चहा प्यायला जायची. माझे दोघे भाऊ घरात एकमेकांवर आवाज चढवायला लागले की ती आतून त्याच सुरात म्हणायची, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," आणि दोघेही गप्प बसायचे.

मग यंत्र आलं. कुठल्या तरी लांबच्या ऑफिसात बसून कुणा बाईने सगळ्या गावांची नावं एकदाच वाचून दिली, आणि त्याचे तुकडे जोडून स्टँडवर घोषणा व्हायला लागल्या. वहिनीला चौकशीच्या खिडकीत बसवलं. पगार तोच आणि खुर्ची आधीपेक्षा चांगली. दादा म्हणाला, "बरं झालं, घशाला आराम." त्यावर ती त्याच्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही.

त्या यंत्रातल्या बाईला वहिनी 'ती बया' म्हणते. "ती बया गावाच्या नावाच्या मधेच श्वास घेते," "त्या बयेला हरवलेलं पोर आणि हरवलेली छत्री यातला फरक कळत नाही," असं रोज काही ना काही घरी ऐकायला मिळायचं. एकदा मी खिडकीपाशी तिचा डबा द्यायला गेले, तर वर स्पीकरवर घोषणा चालली होती आणि खाली वहिनी ओठातल्या ओठात तीच घोषणा पुन्हा नीट म्हणत होती. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "हे स्पष्ट दिसतंय की ते?" विचारते, त्यामुळे माणसाला काय दिसतंय आणि तो काय सांगतोय यातला फरक मला चटकन कळतो. वहिनीला त्या बयेचा राग नव्हता. तिला जळजळ होत होती, आणि जळणाऱ्या माणसाला तसं तोंडावर सांगितलं की काय होतं हे मला माहीत असल्यामुळे मी डबा ठेवून निघून आले.

त्याच वर्षी वहिनीने दातांच्या डॉक्टरांना हाताशी धरून भाषणमंडळ काढलं. डॉक्टर का? तर आयुष्यभर समोरच्याचं तोंड उघडं आणि कापसाने भरलेलं, त्यामुळे आपल्याला कुणाचं उत्तर ऐकायची सवयच राहिली नाही, असं ते स्वतःच सांगतात. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल मिळाला. दर शनिवारी संध्याकाळी दीड तास आमचा, आणि सातच्या ठोक्याला कराटेच्या वर्गाचा. डॉक्टर अध्यक्ष झाले. मंडळ मात्र वहिनीचं.

नियम सगळे तिने केले. वेळ दाखवायला दिवे हवेत म्हणाली, म्हणून दादाने एका जुन्या जेवणाच्या डब्यात तीन बल्ब आणि बॅटरी बसवून दिली. हिरवा म्हणजे आवरायचा विचार करा, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे थांबा. लाल लागल्यावरही वक्ता बोलतच राहिला, तर सूत्रसंचालकाने उभं राहून टाळ्या सुरू करायच्या, सगळ्यांनी साथ द्यायची आणि वक्त्याला टाळ्यांनीच खाली उतरवायचं. भाषणात कुणी 'अं' म्हटलं किंवा एकच शब्द घोळवला की स्टीलच्या वाटीत खडा टाकायचा. ती वाटी वहिनीकडे. आमच्याकडे एक खरंतर-काका आहेत, ज्यांचं एकही वाक्य 'खरं तर'शिवाय सुरू होत नाही. त्यांच्या पहिल्या भाषणात वाटीचा असा काही खणखणाट झाला, की खालून वाचनालयाचा शिपाई काय पडलं बघायला वर आला.

आणि सगळ्यात मोठा नियम पोडियमचा. पोडियम क्षणभरही मोकळा राहता कामा नये. सूत्रसंचालकाने वक्त्याचं नाव पुकारायचं आणि तिथेच थांबायचं. वक्ता येऊन, हात मिळवून, स्वतःचा हात पोडियमवर ठेवील तेव्हाच हलायचं. वक्त्यानेही बोलून झालं की सूत्रसंचालक परत येईपर्यंत जागा सोडायची नाही. "पोडियम पोरका ठेवायचा नाही," वहिनी म्हणायची. "रिकामा पोडियम दिसला की लोकांना घरचं काम आठवतं."

सभा चालवावी तर वहिनीनेच. ती हॉलवर सगळ्यांच्या आधी यायची. मागच्या खुर्च्या उचलून ठेवायची, म्हणजे माणसं आपोआप पुढे बसायची. प्रत्येक वक्त्याला त्याचं नाव कसं उच्चारायचं ते विचारून घ्यायची, रोजच्या ओळखीचा असला तरी. ऐनवेळी कुणी दांडी मारली तर उठवायला एखादा तयार माणूस हेरून ठेवायची. वक्त्याची ओळख करून देताना त्याच्या भाषणातलं एक अक्षर फोडायची नाही. आणि सातच्या आत सभा संपली नाही असं एकदाही झालं नाही, कारण गाडी वेळेवर सुटली पाहिजे हे तिच्या हाडात भिनलेलं. ती नव्या लोकांना सांगायची, "सभा संपल्यावर लोकांना सूत्रसंचालक आठवला, तर त्याने कुठेतरी माती खाल्ली असं समजा." स्वतः मात्र समारोपाचं भाषण कधी कुणाला दिलं नाही. सूत्रसंचालक शेवटची पाच मिनिटं स्वतः बोलेल, हाही तिनेच केलेला नियम. ते तिच्या लक्षात आणून द्यायची हिंमत डॉक्टरांनाही झाली नाही.

धाकट्या भावाचं लग्न झालं आणि घरात धाकटी आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, "मूठ आवळा, आता थोडं टोचेल, झालं," इतकंच तिचं बोलणं. घरातही तसंच. जेवताना मीठ हवं असलं तरी ती मिठाच्या बरणीकडे बघत बसायची, कुणीतरी समजून पुढे करीपर्यंत. वहिनीला तिची कणव आली. खरोखरची कणव, त्यात खोट नव्हती. तिनेच धाकटीला हाताला धरून मंडळात आणली.

धाकटीच्या पहिल्या भाषणात पोडियम थरथरत होता. ती अर्ध्यात थांबली, तेव्हा वहिनी पहिल्या रांगेत बसून हळूच मान हलवत राहिली, चल पुढे, चल पुढे, म्हणून. त्या दिवशी वाटीत एकही खडा पडला नाही, आणि 'अं' तर मी स्वतः भरपूर ऐकले होते. घरी येताना वहिनी इतकी खूश होती की जणू स्वतःच्या लेकीने पहिलं पाऊल टाकलं.

मग धाकटी बोलायला लागली, आणि वहिनीची खुशी ओसरायला लागली.

धाकटीचा आवाज मोठा नाही. पण सुई टोचायच्या आधी घाबरलेल्या माणसाशी जे बोलायचं असतं, ते तिला येतं, आणि पोडियमकडे निघालेला प्रत्येक माणूस तसाच घाबरलेला असतो. तिच्या हातात पहिल्यांदा सभा दिली, तेव्हा खरंतर-काका तीन वाक्यं 'खरं तर'शिवाय बोलून गेले. खाली उतरून म्हणाले, "खरं तर तिने हात मिळवताना नुसतं 'सावकाश' म्हटलं हो." सगळे हसले. वहिनी वाटीतले खडे मोजत बसली, वाटी रिकामी असताना.

तेव्हापासून खडे पडायला लागले. इतरांचे बारीकसे 'अं' वहिनीच्या कानावरून जायचे, पण धाकटीने नुसता श्वास घेतला तरी टण्ण. एकदा मी म्हटलं, "वहिनी, तो 'अं' नव्हता, तिला ठसका लागला होता."

"वन्सं, तुम्ही दिवे सांभाळा," वहिनी म्हणाली. ती एरवी मला नावाने हाक मारते. 'वन्सं' आणि 'तुम्ही' एकत्र आले, की पुढचे दोन दिवस आपण आपला चहा आपण करून घ्यायचा.

घरात तर नुसता जळफळाट. धाकटीला लॅबमधल्या कुणीतरी निरोपसमारंभ चालवायला बोलावलं, तर म्हणे रक्त काढणारी माणसं आता भाषणं करणार, आणि भाषण करणारी माणसं खिडकीत बसून गाडी किती वाजता ते सांगणार. धाकटी मुकाट्याने ऐकून घ्यायची. ती उलटून बोलली असती तर वहिनीला बरं वाटलं असतं. भांडण झालं असतं, रडणं झालं असतं, मिटलं असतं. पण धाकटी प्रत्येक सभेनंतर येऊन विचारायची, "ताई, आज माझं काय चुकलं?" आणि वहिनीला शोधून शोधूनही काही सापडायचं नाही. चूक न सापडल्याचा तिला जो त्रास व्हायचा, तो मी पाहिलाय.

वार्षिक सभा जवळ आली. ही सभा खुली असते. मंडळाबाहेरची माणसं येतात, वाचनालयाचे लोक, शाळांचे शिक्षक, घरची मंडळी. पहिल्या वर्षापासून ती वहिनीनेच चालवलेली, दुसऱ्या कुणाचं नाव कधी निघालंच नाही. आधीच्या एका शनिवारी डॉक्टरांनी घसा साफ केला, वहिनीच्या नजरेला नजर न देता खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "यंदा सूत्रसंचालन धाकट्या बाईंकडे देऊ या. आणि ताई, तुम्ही प्रमुख वक्त्या. मानाचं स्थान."

"मानाचं स्थान," वहिनी घरी येताना म्हणाली. "चौकशीच्या खिडकीत बसवलं तेव्हाही साहेब हेच म्हणाले होते."

मला तेव्हा तिच्यासाठी वाईट वाटलं, हे खोटं नाही. तिची एक जागा एका बयेने घेतली होती, जिचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. दुसरी जागा घेणारी तर तिच्याच ताटाशेजारी बसून जेवत होती.

सभेच्या दिवशी दुपारी धाकटीची आई आली. बऱ्याच लांबून, दोन गाड्या बदलून. त्यांना उतरवून घ्यायला सुट्टी कुणालाच नव्हती, म्हणून वहिनीनेच खिडकीतून बाहेर येऊन त्यांना गाठलं, चहा पाजला, रिक्षात बसवून दिलं. चहा पिताना त्या माउलीने तिला सगळं सांगितलं. पोरगी कधी चार माणसांत बोलली नाही. आज शेवटी तिचं स्वतःचं भाषण आहे म्हणे, पाच मिनिटांचं. तेवढं ऐकायचं आणि उद्या सकाळच्या गाडीने परत. हे सगळं वहिनीला माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

सभा सुरू झाली आणि मला दिव्यांमागे बसून पहिल्या पाच मिनिटांत कळलं, की अशी सभा आमच्याकडे कधी झालेली नाही. कशात काही अडकेना. माइक एकदा खरखरला, तर धाकटी वक्त्याची ओळख करून देता देता चालत खाली उतरली, माणसांच्या जवळ आली, आणि तोवर कुणीतरी तार नीट बसवली. एका शिक्षिकेचा कागद पंख्याच्या वाऱ्याने उडाला, तो धाकटीने उचलून दिला, तोही असा, की लोकांना वाटलं ठरलेलंच होतं. चिठ्ठी उचलून आयत्या वेळी बोलायचा भाग आला, तेव्हा वाचनालयाचा तो शिपाईसुद्धा उठून दोन मिनिटं बोलला आणि टाळ्या घेऊन बसला. धाकटीची आई दुसऱ्या रांगेत होती. लेक बोलायला लागली की त्या ओठ हलवायच्या, तिच्याबरोबर.

वहिनी त्यांच्या शेजारीच बसली होती. तिच्या मांडीवर हात होते आणि एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातात गच्च धरलेला.

धाकटीने वहिनीची ओळख करून दिली. "या गावात प्रत्येकाला कधी ना कधी योग्य गाडीत बसवणारा आवाज," एवढंच म्हणाली, आणि पोडियमपाशी थांबली. वहिनी सावकाश चालत आली. हात मिळवला, पोडियमवर हात ठेवला, आणि बोलायला लागली.

काय बोलली म्हणून सांगू! हरवलेली पोरं, लग्नाच्या वऱ्हाडाने भलतीच गाडी पकडल्याची गंमत, स्टँडवर रोज येऊन न येणाऱ्या गाडीची चौकशी करणारे एक आजोबा. माणसं हसत होती, मधेच डोळे पुसत होती. वहिनी जळत असते तेव्हा तिची जीभ सोन्याची होते. मी हिरवा लावला. तिने पाहिला. पिवळा लावला. तिने तोही पाहिला.

लाल लावला, तेव्हा तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि नवी गोष्ट सुरू केली.

पाहुण्यांना त्यात काहीच खटकलं नाही. पण मंडळातल्या माणसांच्या माना एकदम ताठ झाल्या. कारण वहिनी दिव्याकडे पाठ करूनही वेळेत भाषण संपवते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर छताकडे बघायला लागले. खरंतर-काकांनी घड्याळ बाहीखाली लपवलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी डबा उचलून वर धरला, लाल दिवा थेट तिच्या तोंडासमोर. ती बोलतच राहिली. दाराबाहेर कराटेची मुलं जमायला लागली होती, त्यांची कुजबूज ऐकू येत होती.

आता टाळ्या सुरू करायच्या धाकटीने. नियमच तसा, आणि नियम वहिनीचाच. धाकटी भिंतीशी उभी होती. तिचे हात एकमेकांजवळ आले. मी मनात म्हणत होते, वाजव गं बाई, वाजव. पण थोरल्या जावेला चारचौघांत टाळ्या वाजवून खाली उतरवायचं, हे तिच्याने होणार नाही हे वहिनीला पुरतं माहीत होतं. तिने डाव टाकला होता तो त्याच भरवशावर. सभा सातच्या पुढे जाईल, कराटेचे सर दार ढकलून आत येतील, आणि सगळ्यांना दिसेल की सभा चालवणं येरागबाळ्याचं काम नाही.

धाकटीचे हात खाली आले. तिने एकदा आईकडे पाहिलं. मग हातातला भाषणाचा कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. त्यानंतर ती अगदी निवांत झाली, आणि बाकीच्यांसारखी वहिनीचं भाषण ऐकत राहिली, हसायच्या जागी हसत.

वहिनीने शेवटी भाषण संपवलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. धाकटी पोडियमपाशी आली, वहिनीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि माइकवर म्हणाली, "ताई बोलत होत्या तेव्हा मला वेळेचं भान राहिलं नाही. तुमचंही राहिलं नसेल, तर सूत्रसंचालक म्हणून मला माफ करा. दाराबाहेर लहान मुलं केव्हाची उभी आहेत. त्यांना आत येऊ दे. आपली सभा इथे संपली."

घड्याळात सात वाजत होते. वहिनी पोडियमला धरून उभी होती, आणि तिला काही कळेना. समारोपाची पाच मिनिटं सोडून देता येतात, हे इतक्या वर्षांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाहुणे उठले. दारातून बाहेर पडताना एक शिक्षक वहिनीला म्हणाले, "अप्रतिम बोललात! आणि सभा काय झाली, कधी सुरू झाली नि कधी संपली, पत्ताच लागला नाही. चालवत कोण होतं हो?"

 वहिनीचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल झाला होता. सभेत सगळ्यात जास्त टाळ्या तिला पडल्या होत्या, आणि सूत्रसंचालक आठवू नये ही जी दाद त्या माणसाने सहज दिली, ती तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

आम्ही शेवटी जिना उतरायला लागलो. वर कराटेच्या आरोळ्या सुरू झाल्या. धाकटीची आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. त्यांनी विचारलं, "तुझं भाषण कधी आहे गं?"

"झालं की, आई," धाकटी म्हणाली. "एवढा वेळ मीच बोलत होते ना."

"ते तू दुसऱ्यांची नावं घेत होतीस," आई म्हणाल्या.

धाकटी नुसती हसली. आई परत पायरी बघून उतरायला लागल्या. वहिनी त्यांच्या मागेच होती. ती मधल्या वळणावर थांबली, जिथे कठडा जरा रुंद आहे आणि वर एक ट्यूबलाइट आहे.

"थांबा सगळे," ती म्हणाली. स्टँडवरचा तोच आवाज. खाली उतरत असलेले डॉक्टरसुद्धा जागच्या जागी थबकले. "आई, तुम्ही बसा पायरीवर. वन्सं, दिवे काढा."

"इथे?" मी म्हटलं.

"कराटेवाले आपल्याला परत हॉल देणार आहेत का? इथेच."

वहिनी कठड्यापाशी गेली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली, पोडियमवर ठेवावा तसा. तिने आमच्याकडे पाहिलं. तिला धरून आम्ही मोजून पाच माणसं आणि एक भिंतीवरची पाल. "आजच्या सभेचं समारोपाचं भाषण राहिलं आहे," ती म्हणाली. "ते माझ्यामुळे राहिलं. वक्त्या मला घरी रोज भेटतात, तरीही मी त्यांचं बोलणं ऐकलेलं नाही. त्यांचे खडे मोजलेत." मग तिने धाकटीचं नाव घेतलं, पूर्ण, लग्नाआधीच्या आडनावासकट, आणि कठड्यावरचा हात न काढता थांबून राहिली. धाकटी पर्सची चेन उघडत उघडत वर आली, हात मिळवला आणि कठड्यावर हात ठेवला, तेव्हाच वहिनी हलली.

ती येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली. मी हळूच पाहिलं. तिची मान ताठ होती, कान टवकारलेले. मी इतकी वर्षं तिच्यासोबत काढलीत, तिच्या मनातलं मला ऐकू येत होतं: आता ही माझ्याबद्दल बोलणार. ताईने मला हाताला धरून आणलं, ताईने शिकवलं. लोक हे ऐकून माझ्याकडे बघतील, आणि मी लाजेने मरेन.

धाकटीने वहिनीचा विषयच काढला नाही.

ती तिच्या आईबद्दल बोलली. शाळेत हजेरी घेताना हिला तोंडातून 'हजर' म्हणता यायचं नाही. नाव पुकारलं की घसा बंद. बाई गैरहजेरी लावायच्या, आणि पोरगी समोर बाकावर बसलेली. मग आई रोज सकाळी हातातलं काम टाकून वर्गाच्या खिडकीबाहेर येऊन उभी राहायची, आणि लेकीचं नाव आलं की बाहेरून म्हणायची, "आहे हो, आहे." पोरं फिदीफिदी हसायची. आई कामाला परत जायची. बरेच दिवस असं चाललं. मग एके दिवशी आईला ताप होता, खिडकीत कुणी नव्हतं, आणि पोरीने पहिल्यांदा स्वतः हात वर केला. धाकटी हे सांगत होती आणि एक 'अं' नाही, एक अडखळणं नाही. आई पायरीवर बसून पदराने तोंड दाबून धरत होत्या.

हिरवा लागला, पिवळा लागला. मी वहिनीकडे न बघता लाल लावला. नियम तो नियम.

वहिनीने हात पुढे केला आणि लाल दिव्यावर तळवा ठेवला. बल्ब तापतो, मला माहीत आहे, मी रोज हाताळते. तिच्या बोटांच्या फटीतून लाल उजेड येत होता, आणि धाकटी बोलत राहिली, तिला हवं तितकं. वहिनीचा चेहरा तेव्हा मुळीच प्रेमळ नव्हता. दात घट्ट आवळलेले होते. पण तळवा तिने काढला नाही.

भाषण संपलं. धाकटी कठड्यावर हात ठेवून उभी राहिली, सूत्रसंचालक परत येईपर्यंत. वहिनी उठली, जाऊन हात मिळवला आणि म्हणाली, "सभा संपली." मग धाकटीची आई लेकीजवळ गेल्या, आणि आम्ही बाकीचे जिना उतरून बाहेर आलो.

घरी जाताना धाकटी आणि तिची आई पुढे चालत होत्या, हातात हात. वहिनी आणि मी मागे.  ती तळवा फुंकत होती.

"माझं नाव एकदाही घेतलं नाही," ती म्हणाली.

"नाही घेतलं," मी म्हटलं. "कशाला घ्यायला हवं होतं?"

"नव्हतंच घ्यायला हवं." थोडं चालून गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "किती चांगली बोलते गं ती. ऐकताना माझ्या पोटात नुसती आग पडत होती, आणि तरी वाटत होतं, थांबू नये हिने."

 पुढे धाकटी आईला रस्ता ओलांडून देत होती.

"डॉक्टरांना सांग," वहिनी म्हणाली, "पुढच्या वर्षीही सभा तिच्याकडेच द्या म्हणावं. दर वर्षी."

"तूच सांग की. गावभर घोषणा करणारी बाई तू."

वहिनी रस्त्याच्या कडेला थांबली. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग दुखऱ्या हाताने माझा दंड धरला.

"तू सांग," ती म्हणाली. "माझ्या तोंडून नाही यायचं ते."